शांतवन मिस्तरीचा उपवास

शांतवन मिस्तरी ख्रिस्ती माणूस. घोडेगावच्या अलीकडल्या वस्तीवर राहायचा. ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेची प्रार्थना खणखणीत आवाजात सांगायचा आणि शनिवारी कुणाच्याही घराचा पाया भरायचा नाही. विचारलं की म्हणायचा, "शनवारी मजूर मिळत न्हाईत." मजूर चिक्कार मिळत होते. मिस्तरी शनीला भीत होता, आणि हे त्याच्या बायकोलासुद्धा ठाऊक नव्हतं.

भीतीला कारण होतं. एकोणीस वर्षांपूर्वी शनीच्या शिंगणापुरात, जिथं घराला दार लावत नाहीत, बागायतदार आप्पासाहेबांच्या स्वयंपाकघराचा गिलावा करताना कोनाड्यातला चांदीचा करंडा त्यानं उचलला आणि डब्याच्या पिशवीत टाकला. का उचलला, ते त्याला आजवर सांगता आलेलं नाही. संध्याकाळी घरी जाताना घाबरून वाटेतल्या विहिरीत तो फेकूनच दिला. दुसऱ्या दिवशी शोधाशोध झाली आणि आळ आला घमेली वाहणाऱ्या दगडाबाईवर. आप्पासाहेबांनी तिला पोलिसात दिलं नाही, नुसतं कामावरून काढलं. "देव बघून घेईल," म्हणाले. शांतवन शेजारीच खाली मान घालून थापी चालवत राहिला. आठ दिवसांनी दगडाबाईची चार वर्षांची पोर साप चावून गेली. गावानं मान डोलावली आणि चोर कोण हे ठरून गेलं.

यंदा संक्रांतीनंतर शांतवनच्या डाव्या डोळ्यात धुकं उतरलं. डॉक्टर काचबिंदू म्हणाले, पण ते त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. शिंगणापुरात चोरी करणारा आंधळा होतो, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. आता आपली पाळी आली, एवढंच त्याला कळलं.

उपवास सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी फादरांनी कपाळावर राखेचा क्रूस काढला तेव्हाच त्यानं मनाशी ठरवलं, की यंदा चाळीस दिवस असा कडक उपवास धरायचा, की येशूला दया यावी आणि शनीनंही हात आवरावा. दोन्हीकडं सांधून घेण्यात मिस्तरी मोठा हुशार! बाकीचे लोक मटण सोडतात, एक वेळ जेवतात. यानं भाकरी सोडली, चहा सोडला आणि डॉक्टरांनी डोळ्यात घालायला दिलेले थेंबही सोडले.

"अहो, थेंब काय खायची वस्तू हाय का?" बायको रडकुंडीला आली.

"उपास म्हंजे उपास," तो म्हणाला.

चौथ्या आठवड्यात उजव्या डोळ्याच्या कडेनंही अंधार सरकायला लागला. भर दुपारी तो पाण्याच्या रांजणावर आदळला. उपवास वाढवावा तसा अंधारही वाढत होता. घाबरून तो फादरांकडं पापनिवेदनाला गेला. एकोणीस वर्षांत त्यानं शेकडो बारीकसारीक पापं सांगितली होती. हे एक आज पहिल्यांदा सांगितलं.

फादर म्हणाले, "शांतवन, तू स्वतःच्या डोळ्यांसाठी उपाशी राहिलास. त्या बाईसाठी काय केलंस?"

"फादर, पाणी पन सोडू का?"

"आधी डोळ्यात औषध घाल. मग तिच्याकडं जा."

हे चाळीस उपवासांहून अवघड होतं. आप्पासाहेबांचे तिघे मुलगे अंगापिंडानं दांडगे. ते सोडतील का? आणि ख्रिस्ती माणसानं शिंगणापुरात चोरी केली, एवढं वाक्य बाहेर पडलं तर साऱ्या वस्तीला बाजारात तोंड दाखवायची चोरी होईल. तरी शांतवन शिंगणापूरच्या रिक्षात बसला.

दगडाबाई शिवाराच्या कडेला खोपटात राहायची. चोरटी म्हणून तिला कुणी मजुरांच्या टोळीत घेत नसे. एकटीच उन्हात बसून कांद्याची पात कापत होती.

"मिस्तरी? लई वाळलात."

त्यानं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "दगडाबाई, त्यो करंडा मी घेतला हुता."

तिचा विळा थांबला. आता हा विळा आपल्या अंगावर येणार, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर बरं, असंही वाटलं.

"तुमी?"

"व्हय."

"आन् तुमची पोरंबाळं?"

"बरी हायेत." डोळ्यांचं सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण त्याची त्यालाच लाज वाटली.

"मंग माझी पोर कशानं गेली?"

शांतवननं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"करंडा मी घेतला न्हवता, ते मला ठावं हुतं," ती कांद्याकडं बघत म्हणाली. "पर त्या दिशी त्यांच्या सैपाकघरातनं गुळाचा खडा उचलला हुता. पोर सकाळपास्नं रडत हुती. पदराला बांधून नेला. तिनंच खाल्ला. मला वाटलं, देवानं त्याच्यापायी नेली तिला. एकोनीस वर्सं मी कुनाम्होरं मान वर केली न्हाई, मिस्तरी. म्हनलं, चोर तर मी हायेच की."

शांतवन पातीच्या ढिगाशेजारी खाली बसला. इतकी वर्षं तो स्वतःसाठी भीत आला होता. ही बाई काय उराशी धरून जगत असेल, हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

"गुळाच्या खड्याला पाप म्हनत न्हाईत, बाई," तो कसाबसा म्हणाला.

"परत म्हना."

"पाप न्हवतं ते."

"त्याच्यानं न्हाई ना गेली ती?"

"न्हाई. साप चावला म्हनून गेली."

तिनं त्याला ते पाच-सहा वेळा म्हणायला लावलं. माफी मागायला आलेला शांतवन माफीचा शब्दच विसरून गेला. मग तिनं विळा ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि उठली.

"चला. आता आप्पासाहेबाम्होरं बोला."

आप्पासाहेबांचे तिघे मुलगे त्याच्या डोळ्यांपुढं आले. तरी तो उठला आणि तिच्या मागं चालू लागला. बांध ओलांडताना त्याला नीट दिसेना, तेव्हा तिनं थांबून त्याचं मनगट धरलं. रस्त्याला लागल्यावर तिनं गुळाचं अजून एकदा विचारलं, आणि त्यानं अजून एकदा सांगितलं.