आबांची दुकानं

काचबिंदूनं नजर गेली तसे कृष्णाजी मास्तर माणगावचं घर बंद करून लेकीकडे, क्रांतीकडे, नागावला राहायला आले. क्रांती लहान असताना दर दिवाळीच्या सुट्टीत ते तिला मांडव्याहून लाँचनं मुंबईला न्यायचे, तेही फक्त पुस्तकांची दुकानं फिरायला. राणीची बाग तिनं कधी पाहिलीच नाही. फोर्ट, गिरगाव आणि शेवटी दादर, हा क्रम ठरलेला.

आता क्रांती आपल्या आबांना मोबाइलवर पुस्तकं ऐकवायची. ते ऐकत, पण मध्येच म्हणत, एकदा दुकानात जाऊन यायला हवं होतं गं. चला म्हटलं की मात्र नको म्हणायचे. दिसत नसताना दुसऱ्याच्या वाटेत कशाला उभं राहायचं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी एका शनिवारी ती एकटीच मुंबईला निघाली.

फोर्टातल्या दुकानात मोबाइलची कव्हरं टांगली होती. गिरगावातली चाळच पाडली होती, सगळीकडे पत्रे ठोकलेले. दोन्ही ठिकाणी आबांचा फोन आला आणि दोन्ही वेळा, गर्दी आहे, मग बोलते, असं सांगून तिनं वेळ मारून नेली. खोटं बोलायचं जिवावर येत होतं आणि खरं सांगवत नव्हतं.

दादरचं दुकान मात्र उघडं होतं. निम्म्या जागेत वह्या-पेनं आली होती, तरी मागची भिंत छतापर्यंत पुस्तकांनी भरलेली. गल्ल्यावर प्राप्ती नावाची बाई होती, क्रांतीच्याच वयाची. वडील गेल्यावर नोकरी सोडून ती दुकानात बसू लागली होती. तिच्याशी बोलताना क्रांतीला धीर आला. तिनं आबांना स्पीकरवर फोन लावला आणि आधीच्या दोन दुकानांचं खरं काय ते सांगून टाकलं.



“वाटलंच होतं मला,” आबा म्हणाले. “म्हणून तर येत नव्हतो. इथं बसलो की माझ्यापुरती ती दुकानं आहेत तिथंच असतात.”

प्राप्तीनं तिच्या हातातून फोन घेतला, स्वतःची ओळख सांगितली आणि कपाटाशी जाऊन एकेका पुस्तकाचं नाव वाचायला लागली. आबा मधेच थांबवत, लेखक विचारत, मग पुढं चला म्हणत. तिच्या वडिलांसारखीच तीही शब्द सावकाश उच्चारते, असं ते म्हणाले, तेव्हा प्राप्तीनं क्षणभर वाचायचं थांबवलं.

“पुढच्या खेपेला याल ना, आबा?” क्रांतीनं विचारलं.

“बघू,” आबा म्हणाले. “पण आलो तर सरळ दादरलाच ने.”

फोन ठेवल्यावर काय घ्यावं ते तिला कळेना. पुस्तकं आबाच निवडायचे, ती नुसती पिशवी धरून उभी राहायची. प्राप्तीनं खुर्ची पुढे केली. क्रांती बसली आणि मांडव्याची शेवटची बोट चुकेपर्यंत त्या भिंतीकडे बघत राहिली.