बर्फातला ताड

"खेळणं" हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा आहे. मागच्या खोलीत जे आहे त्याला मॉडेल रेल्वे म्हणायचं. एखादा पाहुणा चुकून "काय गोड खेळणं आहे हो" म्हणाला, की आमचे हे चहाचा कप खाली ठेवायचे आणि त्या बिचाऱ्याला तासभर फैलावर घ्यायचे. तो पाहुणा पुन्हा फिरकायचा नाही. मला बरंच वाटायचं, तेवढाच एक चहा वाचायचा.

ह्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली. आयुष्यभर पाइप सांभाळले, खऱ्या रेल्वेशी संबंध फक्त तिकिटापुरता. तरी ओळखीचे सगळे ह्यांना स्टेशनमास्तर म्हणतात. निवृत्तीनंतर मागच्या खोलीत भिंतींना लागून प्लायवूडचं टेबल आलं, टेबलावर रूळ आले, मग डोंगर, बोगदे, पूल. माझी चहाची गाळणी रुळांखालची खडी चाळायला गेली. भांडी घासायचे स्पंज कापून त्यांची झाडं झाली. खोलीत शिरायचं तर टेबलाची एक फळी उचलून वाकून आत जावं लागतं. माझी कंबर सोडली तर कोणाची त्याबद्दल तक्रार नव्हती.

रोज दुपारी चहाच्या वेळेला ह्यांचे दोन मित्र यायचे. एक घड्याळजी. दुकान मुलाच्या ताब्यात दिलं आणि आता डोळ्याला भिंग लावून इंजिनांची पोटं उघडत बसतात. दुसरे ड्रॉइंगचे सर, शाळेतून निवृत्त झालेले. डोंगर, झाडं, रंगकाम हे त्यांचं खातं. तिघं जमले की भांडण ठरलेलं. पुलाचा रंग तांबडा की राखाडी, सिग्नल रुळाच्या कुठल्या बाजूला, वाफेच्या इंजिनामागे कुठल्या काळातले डबे शोभतात. आवाज असे चढायचे की मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "एकदाचे जीव घ्या एकमेकांचे, म्हणजे मी चहाला पाणी कमी टाकते!" ह्यांचा आवाज सगळ्यांत मोठा.

मग एका सकाळी दाढी करताना ह्यांच्या हातातून ब्रश पडला. मी विचारलं काय झालं, तर तोंड उघडलं आणि शब्दच येईना.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर पाय हळूहळू वळणावर आला, काठी घेऊन चालायला लागले. हातही बराच सुधारला. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. "हं" तेवढं उरलं. भूक लागली तरी "हं", नको असलं तरी "हं". डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, शब्दही आत शाबूत आहेत, बाहेर यायची वाट अडलीय. बोलणं शिकवायला एक मुलगी यायची. गुणी पोर होती, पण चित्रांची कार्डं दाखवायची. मांजर, छत्री, पेला. "आजोबा, हे काय आहे?" हे खिडकीबाहेर बघत बसायचे. ज्या माणसाने उभ्या शहराच्या पाण्याचा हिशेब तोंडपाठ ठेवला, त्याने आता मांजर ओळखून दाखवायचं! मला ह्यांचा राग कळत होता. पण मला ह्यांचा आवाज हवा होता, हेही तितकंच खरं. मी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराची सुपरवायझर होते, आरडाओरड्यात माझा जन्म गेला. घरातली ती शांतता मला खायला उठायची. भांडायला माणूस नाही तर ते घर कसलं?

मित्र येत राहिले, त्याबद्दल त्यांचे उपकार. पण कसे यायचे, तर सांत्वनाला आल्यासारखे. खुर्चीच्या कडेवर बसायचे, आवाज खाली.

"वा! आज गाडी काय छान धावतेय," सर म्हणायचे.

"फारच छान," घड्याळजी म्हणायचे.

छान कसली डोंबलाची! मालगाडीचं एक चाक लंगडत होतं, ते मलासुद्धा ऐकू येत होतं. पूर्वी त्या चाकावरून तिघांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आता तिघंही गप्प. हे गाडीकडे नाही, त्या दोघांच्या तोंडाकडे बघत होते. आपली कीव करतायत, हे ह्यांना कळत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्याच आठवड्यात मी टेबल पुसायला मालगाडी उचलून ठेवली आणि नंतर हाताला येईल तशी जोडली. दुपारी हे आले, गाडीकडे पाहिलं आणि चेहरा लालबुंद. "हं! हं!" काठी जमिनीवर आपटली. मी घाबरले, जवळ जाऊन पाहिलं, तर गार्डचा डबा इंजिनाच्या पाठोपाठ लावलेला. तो शेवटी असतो म्हणे. आता शेवटी काय नि मध्ये काय, पण ह्यांचे डोळे! कितीतरी दिवसांनी त्या डोळ्यांत माझा नवरा दिसला. भांडकुदळ, हटवादी, शंभर टक्के माझा. ओठसुद्धा हलले. शब्द नाही आला, पण दारापर्यंत आला होता, मी पैजेवर सांगते.

त्या संध्याकाळी मी दोघा मित्रांना जिन्यात गाठलं.

"उद्यापासून गोड बोलणं बंद. चुका करायच्या. डोकं फिरेल अशा."

घड्याळजी हबकले. "वहिनी, आजारी माणसाला छळायचं?"

"तुम्ही आजारी माणसासारखं वागवताय म्हणून हे गप्प आहेत. स्टेशनमास्तरसारखं वागवा."

सरांच्या चेहऱ्यावर मात्र लबाड हसू आलं. "वहिनी, ह्या परवानगीची मी कित्येक वर्षं वाट बघतोय."

आणि मग काय विचारता! सरांनी ह्यांच्या बर्फाच्या शिखरावर, पांढऱ्याशुभ्र बर्फात, एक ताडाचं झाड रोवलं. घड्याळजींनी काचकूच करत का होईना, रस्त्यावरच्या सिग्नलसारखा लाल दिवा वर आणि हिरवा खाली केला. मी प्लॅटफॉर्मवर बटणाएवढी गाय आडवी उभी केली आणि स्टेशनाच्या छपरावर एक रंगीत मोटारगाडी चढवली. हे रोज बघायचे, रोज धुमसायचे. पहिल्या दिवशी काठी आपटली. दुसऱ्या दिवशी "हं" इतक्या जोरात म्हणाले की चहा सांडला. आम्ही तिघं शब्दाची वाट बघत होतो.

रविवारी आमची लेक भेटायला आली आणि तिने ताड पाहिला. "आई, हे काय चाललंय?" मी सांगितलं. तिने आधी बाबांचं ब्लडप्रेशर मोजलं, मग माझं डोकं खाल्लं. "त्यांना पुन्हा काही झालं तर? तुझा हट्ट महत्त्वाचा की बाबा?" ब्लडप्रेशर थोडं चढलेलं होतं. मी तिला उलट उत्तर दिलं नाही, आणि माझ्या बाबतीत असं क्वचित होतं.

खरं भोवलं ते निराळंच. सोमवारी हे मागच्या खोलीत आलेच नाहीत. बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले. मी समोर गेले तर माझ्याकडे असं पाहिलं की मला कळून चुकलं. ह्यांनी सगळं ओळखलं होतं. चुका खोट्या आहेत, मुद्दाम केल्यात, आपल्याला बोलतं करायला हे नाटक चाललंय. मांजराचं कार्ड काय आणि बर्फातला ताड काय, ह्यांच्या लेखी दोन्ही सारखंच. मी मित्रांना म्हटलं, राहू दे आता. पुरे झालं. स्वयंपाकघरात जाऊन मी नळ सोडला आणि ओक्साबोक्शी रडले.

तरी मित्र यायचे थांबले नाहीत. दोन दिवसांनी दुपारी सर एक डबी घेऊन आले. आत मालगाडीचा एक डबा होता, त्यांनी स्वतः पत्रा कापून, जोडून, रंगवून केलेला. ह्यांना द्यायला आणला होता. बारीक कड्या, बारीक खिळे, दारावर गंजाचे डाग. हे बाहेरच पाठ करून बसलेले, म्हणून सरांनी तो घड्याळजींना दाखवला. घड्याळजींनी भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "चाकं रुळाच्या मापापेक्षा आत बसलीत. रुळांच्या सांध्यावर घसरणार."

"घसरणार नाही."

"घसरणार म्हणजे घसरणार."

"तुझ्या भिंगाला मोतीबिंदू झालाय."

"आणि तुला मोजपट्टी धरता येत नाही. शाळेत पोरांना काय शिकवलंस देव जाणे."

हे नाटक नव्हतं. सरांनी डबा त्यांच्या हातातून काढून घेतला. इतक्या दिवसांची मेहनत, मित्रासाठी केलेली, आणि असा पाणउतारा! ते म्हणाले, "उद्यापासून मी यायचा नाही." घड्याळजी आपले चिमटे कापडात गुंडाळायला लागले. "मीही नाही. इथे उरलंय काय यायला?"

मी चहाचा ट्रे घेऊन फळीखालून वाकून आत येत होते. ते शेवटचं वाक्य कानावर पडलं आणि माझं टाळकं सटकलं. नवरा गप्प झाला तो झाला, आता ही दोन तोंडंही ह्या घरातून जाणार? ट्रे मी बोगद्यावर आपटला.

"काय उरलंय? एवढा माणूस बाहेर बसलाय तो दिसत नाही? एका डब्यापायी मैत्री मोडायला निघालात? कुठं लावायचाय हा डबा? आणा इकडे!" सरांच्या हातातून मी तो ओढला आणि समोर जी गाडी दिसली तिला मागे दणकन जोडून टाकला. "घ्या! लागला डबा! आता सोडा गाडी आणि बसा मुकाट्याने!"

"डबा नाही."

मी वळलेच नाही. मला वाटलं सर बोलले. "मग काय आहे?" मी खेकसले.

"वा... वाघीण."

सर बोलले नव्हते. सरांचं तोंड उघडंच होतं, पण त्यातून काही येत नव्हतं. मी वळले. फळीपलीकडे काठीवर रेलून हे उभे होते. मान पुढे, कपाळावर शीर, बोट त्या डब्याकडे रोखलेलं.

"वाघीण आहे ती! माल... मालगाडीची. प्रवासी गाडीला वाघीण लावतात? कुणी... कुणी शिकवलं तुला?"

जुनी माणसं मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात. लग्नापासून मी सगळ्याला डबाच म्हणत आले आणि लग्नापासून हे मला दुरुस्त करत आले. मी टेबलाची कड धरली. सांगायचं तर बरंच होतं, पण तोंडातून आलं काय, तर, "मला काय माहीत, मला डबाच दिसतो!"

"दिसतो म्हणे! डोळे..." शब्द अडला. हे थांबले, डोळे मिटले, मान हलवली आणि तो शब्द ओढून काढला. "डोळे तपास!"

सरांना हुंदका आला, पण सवय कुठे जाते? "बघा वहिनी, वाघीण म्हणतोय ते डब्याला की तुम्हाला, विचारून घ्या!"

"तू गप!" हे सरांकडे वळले. "बर्फात ताड! बर्फात! गाढवा!"

"गाढव कोणाला म्हणतोस?"

"तुला! आणि हा..." बोट घड्याळजींकडे गेलं. "सिग्नल उलटा! रेल्वेत लाल खाली असतो. घड्याळजी म्हणवतो! काढ. सगळं काढ. गाय काढ!"

सगळं साठवून ठेवलं होतं ह्या माणसाने! एकेक चूक क्रमाने, ताडापासून मोटारगाडीपर्यंत. शब्द अडखळत होते, काही अर्धेच येत होते, एकदा "छप्पर" म्हणायच्या जागी "छत्री" म्हणाले आणि स्वतःवरच चिडले. पण येत होते. घड्याळजींच्या चिमट्यातून गाय दोनदा सुटली. भिंगाच्या आत डोळा भरून आलेला, त्यांना गाय दिसणार कशी?

"आणि चाकं?" घड्याळजींनी हळूच विचारलं. "वाघिणीची चाकं आत बसलीत की नाही, तूच सांग."

ह्यांनी फळीवरून हात पुढे केला. सरांनी वाघीण त्या हातावर ठेवली. ह्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, चाक बोटाने फिरवलं, उलटी केली, सुलटी केली.

"आत आहेत," हे म्हणाले.

"बघ!" घड्याळजी ओरडले.

"पण रंग..." ह्यांनी सरांकडे पाहिलं. "रंग एक नंबर."

"बघ!" सर त्यांच्याहून मोठ्याने ओरडले.

आणि जुंपली की हो! चाक मोठं की रंग मोठा, ह्यावर तिघंही एकदम बोलायला लागले. कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. ह्यांच्या एका वाक्याला त्या दोघांची चार व्हायची, तेव्हा हे काठी आपटून त्यांना गप्प करायचे आणि आपला शब्द पुरा करायचे. मी चहा पुन्हा गरम करायला गेले आणि तशीच ओट्याशी उभी राहिले, कान देऊन. आधी लेकीला फोन लावला. ती हॅलो म्हणाली. मी फोन नुसता खोलीच्या दिशेने धरला आणि तिच्या रडण्याचा आवाज येईपर्यंत तसाच धरून ठेवला.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे वकील. घरूनच काम करतात, माणूस अतिशय सभ्य.

"माफ करा, वहिनी. माझे अशील बसलेत. जरा आवाज... म्हणजे वरून कोणीतरी फार ओरडतंय."

"कोण ओरडतंय?" मी विचारलं.

ते संकोचले. "तुमचे मिस्टर असावेत."

"कशावरून?"

"आवाज ओळखीचा आहे हो. इतकी वर्षं ऐकतोय."

"काय म्हणाले ते?"

वकील आणखीच ओशाळले. "आता ते मी कसं सांगू? कोणाला तरी गाढव म्हणाले."

"तुम्हाला खालपर्यंत ऐकू आलं? स्पष्ट?"

"अगदी स्पष्ट."

"पुन्हा एकदा सांगा," मी म्हटलं, आणि दार सताड उघडून धरलं.