काउंटरच्या पुढे

“हवा खराब आहे एवढंच सांगायचं. त्यात अवघड काय आहे?” फोनवरून छोटे मालक म्हणाले. ते बोलतातच असे की शेजारच्यालाही ऐकू जावं, आणि मी साहेबांच्या शेजारीच गेटवर ड्यूटीला उभी होते. काचेतून दुपारचं लख्ख ऊन आत आलं होतं. समोर दुसऱ्या कंपन्यांची विमानं खुशाल उडत होती.

साहेब म्हणजे आमच्या विमान कंपनीचे सर्वांत मोठे अधिकारी, त्यांच्या वर फक्त मालक. कंपनीकडे एकच विमान होतं तेव्हा ते बॅगांना चिठ्ठ्या लावायचे. तिथून काउंटर, मग गेट, मग अख्खा विमानतळ, आणि शेवटी सगळी उड्डाणंच त्यांच्या हाताखाली आली. थोरल्या मालकांनी त्यांना एक वळण लावलं होतं. विमान रखडलं की हजर असलेल्या सगळ्यात वरच्या माणसाने गेटवर यायचं, काउंटरच्या पुढे उभं राहायचं आणि खरं कारण सांगायचं. एवढे वर चढूनही साहेब यायचे आणि मुकाट शिव्या खायचे. आम्ही त्यांच्या माघारी त्यांना ‘दिलगीर साहेब’ म्हणायचो.

थोरले मालक गेले आणि त्यांच्या खुर्चीत हे चिरंजीव येऊन बसले. आज त्यांना मित्रांना घेऊन कुठल्याशा बेटावर पार्टीला जायचं होतं, म्हणून त्यांनी आमचं ठरलेलं विमान परस्पर उचललं. प्रवासी गेले उडत. हवेचं कारण दिलं की कंपनीच्या अंगाशी काही येत नाही, लोक उद्यापर्यंत बसून राहतात. खरं सांगितलं तर त्यांना लगेच दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसवून द्यावं लागतं.

निळ्या शर्टातला एक माणूस तिसऱ्यांदा काउंटरवर आला. “ताई, विमान जाईल ना? आई गेलीय माझी. संध्याकाळी नेणार आहेत. माझ्यासाठी थांबलेत सगळे.”

मला तोंड वर करून त्याच्याकडे बघवेना. साहेबांनी ते ऐकलं आणि फोन खिशात टाकला.

“साहेब, निवृत्तीला आलात,” मी हळूच म्हटलं. “आता कशाला अंगावर घेता?”

“निवृत्तीला आलो म्हणून आता खोटं शिकू का? तू मागेच थांब. तुझं नाव यात यायला नको.”

ते पुढे गेले. “हवा चांगली आहे. विमानही ठीक आहे,” ते म्हणाले. “मालकांनी ते स्वतःसाठी नेलं. चूक आमची आहे. तुम्हाला आत्ता दुसऱ्या विमानांत बसवून देतो.”

मग जो गदारोळ झाला तो विचारू नका. निळ्या शर्टवाल्याने साहेबांचा टायच धरला. “लाज नाही वाटत तुम्हाला? तिकडे माझी आई...” मागून कुणीतरी बाटलीतलं पाणी फेकलं, ते साहेबांच्या तोंडावर आलं. माझं डोकं भणाणलं. विमान पळवणारा वर थंडगार पेय पीत असेल आणि इथे भिजतोय कोण, तर खरं बोलणारा. ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, तुमच्यासाठी यांनी स्वतःची नोकरी घालवलीय. पण साहेबांनी मला नजरेनेच गप्प केलं.

“तुमचं बरोबर आहे,” टाय तसाच त्याच्या मुठीत असताना ते म्हणाले. “आधी बॅग घ्या. पुढचं विमान सुटायच्या बेतात आहे. पहिली जागा तुमची.”

त्या माणसाने बॅग उचलली आणि पलीकडच्या गेटकडे धूम ठोकली. मागे वळून बघायला त्याला वेळ कुठला.

शेवटचा प्रवासी मार्गी लागेपर्यंत साहेब उभेच होते. मग सुरक्षा अधिकारी आला. साहेबांनीच त्याला कधीकाळी नोकरीला घेतलं होतं. तो खाली बघत म्हणाला, “साहेब, वरून फोन आलाय. पास आणि बिल्ला द्या. माझा नाइलाज आहे.”

“तुझं काम तू कर,” साहेब म्हणाले. त्यांनी पास दिला. कोटावरचा कंपनीचा बिल्ला काढताना त्याची पिन ओल्या कापडात अडकली. मी मदतीला पुढे झाले, तर मला हातानेच थांबवलं.

कर्मचाऱ्यांचं दार आता त्यांना उघडणार नव्हतं. ओल्या कोटाने ते प्रवाशांच्या वाटेने बाहेर निघाले. जाताना त्यांनी खाली पडलेली ती रिकामी बाटली उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. कोटावर बिल्ल्याच्या जागी दोन बारीक भोकं दिसत होती.