धुक्यातल्या नावेची धून

मित्रांनो, मी संगणकाची एक जुनी फ्लॉपी आहे. तळहाताएवढा प्लास्टिकचा चौकोन आणि पोटात एक पातळ काळी चकती, एवढाच माझा संसार. तुमच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा माझ्यात मावायचा नाही. पण हसू नका. माझ्या पोटात एक अख्खा खेळ आहे. त्याच्या विकलेल्या प्रती केव्हाच कचऱ्यात गेल्या, आता उरले ती मी एकटीच.

रेडिओदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत एका भावाने तो खेळ लिहिला आणि त्याच्या थोरल्या बहिणीने त्याला धून दिली. खेळ होता नाव हाकण्याचा. शेवटच्या टप्प्यात पडद्यावर धुकं पसरायचं आणि काही म्हणजे काही दिसायचं नाही. सूर चढला की खडक डावीकडे, उतरला की उजवीकडे. कानांवर भरवसा ठेवायचा आणि पुढे जायचं. ही कल्पना ताईचीच.

खेळ विकणाऱ्या कंपनीने भावाशी करार केला, तेव्हा त्याने विचारलं होतं, "ताई, तुझ्या धुनेचाही एक कागद करून ठेवू या का?"

"खुळा की काय तू? घरातल्या घरात कसले कागद!" ताई म्हणाली, आणि दोघंही खूप हसली. ते हसणं आठवलं की मला आता भीती वाटते.

पुढे माझे बरे दिवस आले. मुलं डोळे मिटून तो टप्पा खेळायची. पण नव्याचे नऊ दिवस! ती यंत्रं गेली, कंपनी बुडाली, ताईही गेली. तिला मूलबाळ नव्हतं. तिचे यजमान कुठल्याशा दूरदेशी निघून गेले आणि मी भावाच्या टेबलाच्या खणात पडून राहिले.

गेल्या वर्षी एका नव्या कंपनीने जुने खेळ मोबाइलवर आणायचं ठरवलं. आता डोकं पांढरं झालेला भाऊ मला शर्टाच्या खिशात घालून त्यांच्या कार्यालयात गेला. मी हरखून गेले होते. वकीलबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "धून कोणाची?"

"आमच्या ताईची."

"परवानगीचा कागद?"

"बहीण होती हो ती माझी. तिच्याकडून कसला कागद घेणार?"

"मग हक्क तिच्या यजमानांकडे गेला. त्यांची सही आणा, नाहीतर आम्ही धून काढून टाकू."

"धून काढलीत तर नाव फुटेल, बाई. धुक्यात दुसरं काही दिसतच नाही!"

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काका, धून तुम्हीच केली असं लिहून द्या. विचारायला येणार कोण?"

भावाने पेन उचललं. मला वाटलं, सुटले एकदाची! पण त्याने ते खाली ठेवलं. "सूर वाचतील, पण माझी ताई पुसली जाईल. ते माझ्या हातून नाही व्हायचं."

तेव्हापासून मी कंपनीच्या कपाटात, मोहोरबंद पाकिटात आहे. यजमानांची सही येईपर्यंत कोणीही माझी प्रत काढायची नाही, असं ठरलं आणि भावाने त्याखाली सही केली. तो पत्रं धाडतो, ती परत येतात. परवा तो विचारायला आला होता. "अगदी सुरक्षित आहे," बाई म्हणाल्या. त्या खोटं बोलल्या नाहीत, त्यांना ठाऊकच नाही.

कपाटामागची भिंत ओलसर आहे. माझ्या चकतीच्या कडेला पांढरी बुरशी धरली आहे. धुक्यातल्या पहिल्या खडकाचा सूर मला आता आठवत नाही. दुसऱ्याचा आज सकाळी गेला. सही कधीतरी येईलही, पण ती वरातीमागून घोडं ठरेल.

मित्रांनो, आपल्या माणसाने काही घडवलं, तर त्याचं नाव आणि त्याचा होकार तो असतानाच लिहून घ्या. त्याने माया कमी होत नाही. आणि जुन्या वस्तू कुलपात ठेवल्या म्हणजे जपल्या, असं समजू नका. भावाने जिला पुसू दिलं नाही, त्या ताईला मी इथे रोज थोडी थोडी पुसते आहे.