देवाजींचा ताल चुकलेला नाही

मित्रांनो, जय हरी. मी एक जुना गेमचा डबा आहे. एकोडीच्या देवाजींच्या घरी माळ्यावर, धानाच्या रिकाम्या पोत्याखाली पडलो आहे. माझ्याजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे, आणि ती ज्यांना कळायला हवी त्यांना माझा आवाज ऐकू येत नाही. म्हणून तुम्हाला हाक मारतो.

मी कुठल्या कारखान्यात घडलो ते मला आठवत नाही. आठवतं ते नागपूरचं एक दुकान. तिथून देवाजींचा मुलगा मंगेश याने मला जुना म्हणूनच उचललं आणि आपल्या लेकीसाठी, मेघासाठी, गावी आणलं. माझ्या पोटात सीडी घातली, टीव्हीला वायर लावली, की मी घुरघुरत जागा व्हायचो. "झाली चक्की सुरू!" देवाजींच्या मंडळी कुंताबाई म्हणायच्या. पण मला पुसायच्याही त्याच. देवाच्या तसबिरी पुसून झाल्या की त्याच फडक्याने. यापेक्षा मोठं भाग्य कोणत्या यंत्राला लाभतं?

देवाजींनी चाळीस वर्षं कीर्तनात पखवाज वाजवला. मग लकव्याने त्यांचा उजवा हात नेला. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी एकदाच पखवाज पुढ्यात घेतला. बोटं ओल्या चिंधीसारखी पडली. त्यांनी वाद्याला धोतराचं पान गुंडाळलं आणि विठोबाच्या तसबिरीपुढे शब्द दिला, "बोट खरं पडन तवाच हात लावीन. बेताल हातानं तुझ्या वाद्याचा अपमान करनार नाही."

डॉक्टर म्हणाले होते, बोटं हलवत राहा. तेव्हा मेघाने माझा एक खेळ लावला. गाणं वाजतं, पडद्यावर रंगीत ठिपके वरून उतरतात, ठिपका रेघेवर आला की बटण दाबायचं. नेमकं दाबलं तर हिरवा दिवा, चुकलं तर लाल फुली. पहिल्या दिवशी देवाजींना शंभरात सात दिवे मिळाले.

"काही हरकत नाही आबाजी, मले तं पाचच भेटले होते," मेघा म्हणाली.

"तुले देवानं कान देल्ले पोरी, ताल द्याचा राहून गेला!" ते म्हणाले, आणि आजारपणानंतर पहिल्यांदा हसले.

मित्रांनो, चौदा महिने आम्ही दोघं रोज सकाळी बसलो. पूजा आटोपली की ते यायचे. सातचे तीस झाले, तीसचे साठ. दिवाळीच्या आधी एक्याण्णव दिवे लागले. तो आकडा आजही माझ्या पोटात जपलेला आहे. देवाजींनी ठरवलं, पंच्याण्णव झाले की कापड सोडायचं आणि मार्गशीर्षातल्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला पखवाजावर बसायचं.

दिवाळीत मंगेश आला तो नवं घेऊन. आता डब्याची गरजच नव्हती. गेम चालवणारं यंत्र दूर कुठल्या शहरात असतं, आपल्या टीव्हीवर त्याचं फक्त चित्र येतं. सीडी नको, घुरघुर नको. जे गेम चालवण्याची माझी कुवत नव्हती, ते मेघा घरच्या टीव्हीवर खेळू लागली. तिची मैत्रीण खुशबू तर साध्या मोबाइलवर खेळायची. खेड्यातल्या पोरींच्या हातात अख्खं जग आलं. मी खोटं बोलणार नाही, मलाही आनंद झाला. मेघाने आबाजींचा तालाचा खेळही तिथे शोधून दिला. मग मंगेशने माझ्या वायरी काढल्या. मी बिघडलो नव्हतो. मी फक्त जुना होतो.

दुसऱ्या दिवशी देवाजी बसले. फळ्यांच्या फटीतून मी पाहत होतो. गाण्याचा ठोका आणि त्यांच्या बटणाचा टक्, दोन्ही एकाच क्षणी. पडद्यावर लाल फुली. पुन्हा ठोका, पुन्हा टक्, पुन्हा फुली. शंभरात बावीस.

कारण त्यांनी दाबलेलं बटण आता आधी दूरच्या शहरात जात होतं. तिथे पोचेपर्यंत ठोका निघून गेलेला असायचा. डोळ्याला न दिसणारा उशीर! मेघाच्या गाडीच्या खेळात तो खपून जायचा. तालात कसा खपेल? कीर्तनकार एकोडीत उभा आणि पखवाजी साकोलीत बसलेला, असं कीर्तन कधी रंगलं आहे का?

मी माळ्यावरून ओरडत होतो, "देवाजी, तुमचं बोट खरं आहे!" पण वायर नसलेल्या डब्याला आवाज कुठला?

मेघानेही एकदा खेळून पाहिलं. तिलाही फुल्याच मिळाल्या. "मले तं पहिल्यापासूनच जमत नाही," म्हणून ती उठली. तिला ताल येत असता, तर तिथेच सगळं कळलं असतं. नाही कळलं.

तीन आठवडे ते झिजले. बावीस, एकोणीस, सतरा. खरा ताल सोडून ते फुलीच्या मागे धावू लागले आणि अधिकच चुकू लागले. सप्ताह बसला, तेव्हा भजनी मंडळाचे लक्ष्मणराव विचारायला आले.

"काल्याले बसतं ना, देवाजी?"

"नाही जी. हात परत गेला."

"काहून? परवा दिवशी मांडीवर ठेका धरून राहिला होता तू. म्या पाह्यलं ना!"

"मांडी काय, कोनालेबी हो म्हनते. हा टीव्ही तोंडावर सांगते. तो खोटा कायले बोलन? त्याचं काय खाल्लं मी?"

लक्ष्मणराव उठले. जाताना फक्त म्हणाले, "मंग मोहाडीच्या पखवाजवाल्याले बलावतो."

आज काला आहे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात. चाळीस वर्षं काल्याच्या सकाळी ती कुंताबाईंनी मळली. आजही मळून देवाजींपुढे ठेवली.

देवाजींनी कणकेकडे पाहिलं. "तिची पोळी करून टाक."

कुंताबाई परात उचलून आत गेल्या.

तलावाच्या पाळीवरच्या कीर्तनाच्या मंडपातून आता टाळांचा आवाज येतो आहे. दुसऱ्याच्या हाताचा पखवाज बोलतो आहे. देवाजी खाली पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले आहेत. आणि मित्रांनो, त्यांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर पडत आहेत. प्रत्येक ठोक्यावर, तिळभर मागे नाही, तिळभर पुढे नाही. त्यांना स्वतःला ते ठाऊक नाही.

तुमच्या घरी नवं जरूर आणा. पण जुनं माळ्यावर टाकण्याआधी, त्याच्यावर कोणाचा जीव टेकलेला आहे, एवढं विचारा. आणि तुमच्यापैकी कोणी मेघाला ओळखत असेल, तर आजच तिला गाठा. तिला म्हणावं, पोतं बाजूला कर, मला खाली काढ, ती वायर फक्त एकदा लाव, आणि आबाजींना समोर बसव.

काल्याची दहीहंडी अजून फुटायची आहे.