दहा लाख एक आणि त्याचा शेजारी

मी दहा लाख एक. आकड्यांना जन्मतारीख नसते. पण माणसांच्या तोंडी मी आलो तो अकोल्यात, एकोणसाठच्या उन्हाळ्यात. हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या रविकांतमास्तरांनी मला फळ्यावर लिहिलं आणि भागायला घेतलं. दोन, तीन, पाच, सात करत सत्त्याण्णवपर्यंत आले. कोणाचाच भाग गेला नाही. ऊन मी म्हणत होतं. मास्तरांनी खडू ठेवला आणि जाहीर केलं, "मूळ संख्या आहे ही!"

माझा जीव खालीवर झाला. अहो, आणखी एकच पायरी! एकशे एकाने मला बरोबर भाग जातो, नऊ हजार नऊशे एक वेळा. पण आम्हाला बोलता कुठे येतं? मास्तर गावभर माझं कौतुक करत फिरले आणि मी त्या खोट्या मानानं अवघडून गेलो.

त्यांची बायको चारुशीलाबाई. लग्नाआधीच मॅट्रिक झालेली. कॉलेजात जायचं, हे तिचं एकच मागणं. मास्तर हसत म्हणाले, "दहा लाख एकाले भागून दाखव, मग घालतो तुझं नाव."

तिनं वरणाखालचा जाळ कमी केला, पाटी घेतली. "तुमी कुठवर आले होते?"

"सत्त्याण्णव."

तिनं तिथूनच पुढे धरलं. पुढची मूळ संख्या एकशे एक. बाकी शून्य उरली तेव्हा मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

मास्तरांचा चेहरा उतरला. आठवड्यानं अमरावतीहून परतले, तेव्हा म्हणाले, "हे नशिबानं लागलं. आता दहा लाख तीनले भाग."

दहा लाख तीन माझा शेजारी, एक घर सोडून. तो खरोखरीचा मूळ. एक आणि तो स्वतः यांच्याशिवाय कोणालाच दाद देत नाही. मास्तरांनी हे अमरावतीला एका छापील कोष्टकात पाहून ठेवलं होतं. आणि ही बाई पाहुणे, पापड, सणवार यांतून सवड काढून रोज दुपारी पाटी घेऊन बसे. मी नुसता तळमळत होतो. ओरडावंसं वाटे, बाई, सोड ती पाटी, तुला फसवलंय! ज्वारी निघाली, संक्रांत गेली, तरी ती पुसत होती, लिहीत होती.

कॉलेजं उघडायच्या तोंडावर एका संध्याकाळी तिनं पाटी मास्तरांपुढे ठेवली.

"हजारापर्यंत पाह्यलं. त्याच्यावर पाहाचं काम नाही. मोठा भाजक असला, तर त्याचा जोडीदार हजाराच्या आतच असते. याले भागच जात नाही." मास्तरांनी पेपरात डोकं घातलं. "तुमाले माहीत होतं न?"

मास्तरांनी पेपराचं पान उलटलं.

"मले धाडाचं नव्हतं, तर तसं सांगाचं होतं. आकड्याले काहून मधात घातलं?"

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली आणि कॉलेजात नाव घालून आली.

आता मास्तर वर्गात माझं नाव काढत नाहीत. माझीही तक्रार नाही. मला भागा, तोडा, पुसून टाका. पण कोणाच्या वाटेत आडवं घालायला मला पुन्हा बोलावू नका, एवढी दया करा.