बेलचा फॉल्ट

वायरमनने दाराच्या चौकटीवरची कॅमेऱ्याची बेल हलकेच वर ढकलून पट्टीवरून सोडवली, तारा तशाच ठेवून त्यांना मीटरचे चिमटे लावले आणि आकडा वाचला.

"सोळा पूर्णांक दोन व्होल्ट," तो म्हणाला. "पोटभर मिळतंय की हिला. मग रडते कशाला?"

सूनबाई स्टूल धरून उभी होती. हा प्रश्न तिने स्वतःच तीन आठवड्यांत पुष्कळ लोकांना विचारला होता.

बेल नवऱ्याने बसवली होती. कुठलीही वस्तू उघडून बघायची त्याला भारी हौस, आणि परत जोडताना एखादा स्क्रू हमखास उरायचा. या वेळी एकही उरला नाही म्हणून तो दिवसभर शीळ घालत हिंडला. दुसऱ्या दिवसापासून बेल आचके द्यायला लागली. मध्येच तिचा दिवा विझायचा, फोनवर 'ऑफलाइन' असं यायचं आणि दोन मिनिटांनी ती आपोआप शुद्धीवर यायची. नवऱ्याने ट्रान्सफॉर्मर बदलून मोठा बसवला. वायफायचा डबा दाराशी आणून ठेवला. कंपनीने बेलही बदलून दिली. पण नवी आली ती जुनीच्याच वळणावर गेली.

आता सोमवारपासून घर दिवसभर कुलूपबंद राहणार होतं. सासूबाईंना केअर सेंटरमध्ये हलवायचं ठरलं होतं आणि सूनबाई आठ महिन्यांची रजा संपवून पुन्हा प्रयोगशाळेत रुजू होणार होती. घरात माणूस नसताना दारावर तरी कुणी जागं हवं, असं नवऱ्याचं म्हणणं. म्हणून शेवटी खऱ्या वायरमनला बोलावणं धाडलं होतं.

"दिवसातून किती वेळा जाते?" वायरमनने विचारलं.

"वीस-पंचवीस वेळा. माझ्याकडे यादी आहे. आतापर्यंत चारशे बारा."

"मोजलंत?"

"कंपनीने मागितली होती. तारीख, वेळ, किती मिनिटं बंद, सगळं आहे."

"रात्रीची जाते?"

"क्वचित. सकाळी सातला सुरू होते, रात्री दहाच्या सुमाराला थांबते. दुपारी दोन ते चार शांत असते."

वायरमन हसला. "दुपारची झोपही काढते म्हणा. वहिनी, यंत्र असं वागत नाही. असं फक्त माणूस वागतं."

तो हे बोलत असतानाच मीटरवरचा आकडा शून्यावर आला आणि बेलचा निळा दिवा विझला. वायरमनने हात वर धरले, आपण काही केलं नाही हे दाखवावं तसे. आकडा परत सोळावर चढला. पुन्हा शून्य. पुन्हा सोळा.

"सप्लाय जात नाहीये," तो हळू म्हणाला. "मध्येच कुणीतरी ओढून घेतंय. जुन्या बेलचा डबा कुठाय?"

डबा हॉलच्या भिंतीवर होता. त्याने झाकण काढलं आणि जीभ टाळूला लावून च् च् केलं. आत तीन स्क्रू होते, आणि तिन्ही तारा एकाच स्क्रूखाली पिळून घट्ट आवळलेल्या होत्या.

"हे कुणाचं काम?"

"आमच्या घरच्या इंजिनिअरचं. व्हिडिओ बघून केलंय. म्हणाला, दाराचं टिंगटाँग आता फोनवर येईल आणि आईंचं टिंग इथंच राहील."

"आईंचं टिंग म्हणजे?"

सूनबाईने आतल्या खोलीकडे पाहिलं. आठ महिन्यांपूर्वी सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. डाव्या हाताची बोटं तेवढी हलत होती. म्हणून त्या हाताशी एक बटण बसवून त्याची तार याच डब्यात आणली होती. दारावर कुणी आलं की टिंगटाँग, आणि आईंनी दाबलं की नुसतं टिंग. पाणी हवं, टिंग. कूस बदलायची, टिंग. पडदा ओढा, टिंग. पडदा उघडा, टिंग. सूनबाईचे कान किटले होते. आंघोळीला गेली तरी पाण्याच्या आवाजात तिला टिंग ऐकू यायचं. मग कॅमेऱ्याची बेल आली, त्याच आठवड्यात डॉक्टरांनी औषध बदललं, आणि टिंग थांबलं.

आधी तिला वाटलं, औषध लागू पडलं. आईंना आराम वाटतोय. मग चादरी जास्त ओल्या सापडायला लागल्या, आईंच्या डोळ्यांतून उगाच पाणी यायला लागलं, तेव्हा नवरा म्हणाला की आई विझत चाललीय. गेल्या गुरुवारी डॉक्टरही तेच म्हणाले. रोजचा व्यायाम थांबवा, त्याचा आता उपयोग नाही, त्यांना जाणीव उरलेली नाही. नवऱ्याने त्याच संध्याकाळी केअर सेंटरला फोन केला होता.

मध्यंतरी एकदा तिच्या मनात आलं होतं, आपणच ते बटण दाबून बघावं. आलं होतं, हे तिला पक्कं आठवत होतं. पण घरात इतकी शांतता होती, आणि ती इतकी हवीहवीशी वाटत होती, की तिने पलंगाची चादर सारखी केली आणि दिवा मालवून ती बाहेर आली.

"त्या आता बटण दाबत नाहीत," ती वायरमनला म्हणाली. "तीन आठवडे झाले. जाणीवच नाहीये."

वायरमनने तिसऱ्या तारेवर बोट ठेवलं. "ही त्याच खोलीत जाते ना?"

"हो."

"तुम्ही जरा आत जाऊन बटणाकडे बघता? कुठं दबून राहिलंय का, चादरबिदर अडकलीय का. मी इथं मीटर लावून सप्लाय गेला-आला सांगतो."

ती आत गेली. सासूबाई छताकडे तोंड करून निजल्या होत्या. डोळे उघडे होते, पण हल्ली ते उघडेच असत. तिने डाव्या हातावरची चादर बाजूला केली.

"गेला," बाहेरून वायरमन म्हणाला.

सासूबाईंचा अंगठा बटणावर होता. नख पांढरं पडेपर्यंत दाबलेला.

"आला."

अंगठा सुटला होता. तो थरथरत थोडा वेळ तसाच थांबला, दमलेला माणूस जिन्यात थांबतो तसा. मग पुन्हा खाली गेला.

"गेला."

सूनबाई पलंगाची कड धरून उभी राहिली. अंगठा वर आला.

"आला. वहिनी, काय दिसतंय का?"

ती वाकली. तिने हात पुढं करून तो अंगठा आपल्या मुठीत धरला. वायरमन मीटर हातात घेऊनच खोलीच्या दारापर्यंत आला होता. त्याने बटण पाहिलं, तिच्या मुठीतला अंगठा पाहिला, आणि डोक्यावरची टोपी उगाचच काढून पुन्हा घातली.

"दाबलं की सगळा करंट इकडे यायचा," तो शेवटी म्हणाला. "दारावरची उपाशी राहून बंद पडायची. सोडलं की परत चालू. आणि डब्यातलं टिंग तर जोडलेलंच नव्हतं."

"म्हणजे ती यादी..."

वायरमनने मान खाली घातली. "मी बाहेर तारा वेगळ्या करतो," असं म्हणून तो गेला.

तिने फोन उघडला. यादी काढली. चारशे बारा. आज सकाळपासून नऊ. सात वाजून पाच मिनिटांनी, सात वाजून आठ मिनिटांनी, सात अकरा, सात पंधरा. त्या वेळी ती ओट्याशी चहा पीत कंपनीला आणखी एक खरमरीत पत्र लिहीत होती.

मग तिने गुरुवार काढला. अकरा वाजून चार मिनिटांनी डॉक्टर दारात आल्याचा व्हिडिओ होता. डॉक्टर परत गेल्याचा नव्हता, बेलने तो टिपलाच नाही म्हणून ती कंपनीच्या माणसाला फोनवर वाट्टेल ते बोलली होती. मधल्या ओळी आज ती पहिल्यांदाच वाचत असल्यासारख्या वाचू लागली. अकरा नऊ, ऑफलाइन. अकरा बारा, ऑफलाइन. अकरा पंधरा, अकरा अठरा, अकरा एकवीस. डॉक्टर याच पलंगापाशी उभे होते. त्यांनी विचारलं होतं, बटण वगैरे दाबतात का कधी? आणि ती इथं, आज उभी होती त्याच जागी उभी राहून, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली होती, छे हो, हातसुद्धा लावत नाहीत.

तिने नवऱ्याला फोन लावला.

"झाली का बेल?" त्याने विचारलं.

"सोमवारचं रद्द कर."

"अगं, काय झालं? तो वायरमन काय म्हणतोय?"

"आधी केअर सेंटरला फोन कर आणि रद्द कर. मग डॉक्टरांना कर. मग घरी ये." तिने पुढं सांगितलं, "आईंना सगळं कळतंय. पहिल्यापासून सगळं."

तो पुढचं विचारायच्या आत तिने फोन ठेवून दिला.

हॉलमध्ये स्क्रू पिळल्याचा आवाज येत होता. मग डब्यावर झाकण बसल्याचा खटका आला आणि वायरमनने हाक दिली, "झालं बघा. दारावरची आणि यांची तार वेगळी केली. वहिनी, आता त्यांना एकदा दाबायला सांगा. टिंग वाजलं पाहिजे."

ती पलंगाच्या कडेला गुडघ्यांवर बसली. सासूबाईंची मान हलत नव्हती, पण डोळे वळले आणि तिच्यावर येऊन थांबले. तिने त्यांचा अंगठा उचलून अलगद बटणावर ठेवला.

"आई, दाबा. आता वाजेल."

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. बघता बघता त्यांनी अंगठा बटणावरून सरकवला, एकेक बोट ओढत सगळा हात मागे घेतला, आणि चादरीवर उताणा ठेवून दिला.

"वहिनी?" बाहेरून वायरमन म्हणाला. "दाबलं का? इकडे वाजलं नाही."

"थांबा," ती म्हणाली. "अजून दाबलं नाही."

तिने आपला हात त्या उताण्या तळव्याशेजारी ठेवला, त्याला न लावता. बाहेर वायरमनने स्टूल ओढून घेतल्याचा आवाज आला. मग घरात कुठलाच आवाज राहिला नाही, आणि ती तशीच गुडघ्यांवर बसून राहिली.